हयातीचा दाखला

पहिल्या भागात ते नुसते सांगाडे होते.
पांढरे, चौकोनी, कुणीतरी घाईत काढलेले.
तलवार एकदा फिरवली की
कडब्याची पेंढी सुटावी तसे सुटायचे
आणि दोन नाणी पडायची.
इरफान पिंजारी आणि मी, एकच कीबोर्ड,
जामनेर रोडचा सायबर कॅफे, तासाला पंधरा रुपये.
पाय तो चालवायचा, हात मी.

दुसऱ्या भागात ते उन्हाला भिऊ लागले.
आम्ही हसलो.
सोडा म्हटलं यांना भुसावळच्या मे महिन्यात,
दुपारी दोनला, यार्डातल्या रुळांवर.
जिवंत माणूससुद्धा इथं
भिंतीची सावली धरून चालतो.

तिसऱ्या भागात त्यांना आवाज आले.
पडताना काहीतरी बोलायचे.
आवाज बंद करायची सोय होती,
मी केला.
इरफान तोवर शारजाला गेला होता.

चौथा भाग मी एकटाच खेळतो,
सेवा केंद्राचं शटर अर्धं ओढून, रात्री दहानंतर.
दिवसभर याच टेबलावर
सातबारा, पीकविमा, जातीचे दाखले
आणि नोव्हेंबर लागला की
रेल्वेचे पेन्शनर.
सकाळी सहापासून पायरीवर मफलर, कानटोप्या, काठ्या.
वर्षातून एकदा
आपण मेलो नाही, एवढं दाखवायचं असतं.
मी यंत्र पुढे सरकवतो, ते अंगठा ठेवतात.

तोताराम भारंबे, वय चौऱ्याऐंशी,
वाफेच्या इंजिनावर फायरमन.
खंडव्यापर्यंतचा कोळसा या हातांनी भट्टीत गेला,
फावड्याच्या दांड्यानं रेषा खाल्ल्या.
अंगठा तापीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
लाल दिवा.
कोमट पाण्यानं धुतला. लाल.
खोबरेल चोळलं. लाल.
तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात.
“काय म्हनते रे भो मशीन?”
जुळत नाही म्हणते, बाबा. उद्या या.
“उद्या बी मी ह्योच राहीन.
तिलेच काय ते ठरवू दे.”

त्या रात्री खेळात एका पडक्या गडाखाली उतरलो.
माझा पुजारी बेचाळिसाव्या पातळीवर,
त्यानं पंजा वर केला की मेलेले मागं सरतात.
या भागात प्रत्येकाच्या डोक्यावर नाव असतं,
नावाखाली हिरवी पट्टी.
सत्तर पावलांच्या आत गेलं तरच ते अंगावर येतात.
लांब उभं राहिलं
तर आपापलं काहीतरी करत असतात.
हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
एक जण फावडं घेऊन
विझलेल्या भट्टीत काहीच नसलेलं टाकत होता,
वाकायचा, वळायचा, टाकायचा,
मधेच थांबून
नसलेल्या कपाळावरचा नसलेला घाम पुसायचा.
कुणीतरी बसून एवढं केलं होतं,
कुणी बघेल न बघेल.
मी एकाहत्तराव्या पावलावर
बराच वेळ उभा राहिलो.
आवाज चालू केला.
तो खोकत होता.

दुसऱ्या दिवशी बाबा आले, नवीन सदरा घालून.
मी मोबाइलवर चेहऱ्याचं ॲप लावून ठेवलं होतं.
सरळ बघा. मान थोडी वर.
आता पापणी मिटा.
त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले
आणि मिटूनच राहिले,
देवासमोर बसल्यासारखे.
उघडा, बाबा. उघडा!
हिरवा.
“झालो का रे भो?”
झालात. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.
कागदाची चार घड्यांची पट्टी करून त्यांनी खिशात घातली,
खिसा दोनदा चाचपला,
आणि टेबलावर
दहाची दोन नाणी ठेवून निघून गेले.

ती अजून गल्ल्यात टाकलेली नाहीत.

इरफानचा मेसेज पडला होता:
पाचवा भाग येतोय फेब्रुवारीत, घेतोस ना?
पाहू, असं लिहून मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं.
सुभद्राबाई अत्तरदे!
पायरीवरून, गर्दीतून, अगदी बारीक आवाजात
कुणीतरी म्हणालं,
हाये.